तक्रार नाही

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बाकीच्यांना हुरूप यायचा. मदत करायला मिळायची ना! एरवी जो तो आपल्या लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलेला, पण कुणाला नुसती शिंक आली तरी तिघं जण कोमट पाणी घेऊन धावायचे. त्यामुळे काकूंचं डोकं दुखायला लागलं तेव्हा अख्ख्या केंद्रात उत्साहाचं वारं सुटलं.

केंद्र म्हणजे नव्याने धंद्यात पडलेल्यांना हात देणारी जागा. पाटीवर ‘इनक्युबेटर’ लिहिलं होतं. आमच्यातला एक जण भुश्शापासून खोकी बनवायचा, त्याला सगळे खोकेवालाच म्हणत. तो या जागेला उबवणी म्हणायचा आणि आम्हाला अंडी. इमारतीत पूर्वी टपालाची छाटणी व्हायची. भिंतीभर लाकडी कप्पे तसेच ठेवले होते. प्रत्येकाला एकेक कप्पा मिळाला होता आणि त्यात बाकीचे लोक चिठ्ठ्या टाकायचे. ‘तुझ्यावर विश्वास आहे’, ‘हार मानू नकोस’, असलं काहीतरी. मला त्या चिठ्ठ्यांचा मनापासून वैताग यायचा. पण कप्पा रिकामा दिसला की मी आत कोपरापर्यंत हात घालून चाचपायचे, हेही तितकंच खरं.

त्याआधी मी एका शीतगृहात यंत्रांची देखभाल करायचे. वायू गळला की माणसं कशी पळतात ते मी पाहिलं होतं. ज्या वायूला वास नसतो त्याच्यापासून कुणी पळत नाही, हेही तिथेच कळलं. नोकरी सोडून मी एक डबी बनवली. मुठीएवढी, पांढरी, बाथरूमच्या भिंतीवर लावायची. बाथरूम कोंदट असलं आणि गॅसचा गीझर आतच असला की ज्योत धड जळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. तो दिसत नाही, हुंगता येत नाही. डबीला तो कळतो आणि ती कान किटतील अशी वाजते. एवढंच तिचं काम.

डबी तयार झाली तशी ती केंद्रातल्या मंडळींच्या घरी गेली. तशी पद्धतच होती. कुणीही काहीही नवं बनवलं की पहिले गिऱ्हाईक आम्हीच. अत्तरवालीचं अत्तर आम्ही लावायचो, खोकेवाल्याच्या खोक्यांतून आमचा माल जायचा, आणि काकूंच्या चपला सगळ्यांच्या पायांत. काकू पन्नाशीला टेकलेल्या होत्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या. पाय सुजणाऱ्या, टाचा दुखणाऱ्या बायकांसाठी मऊ तळव्याच्या चपला त्या घरीच बनवायच्या. मला केंद्रात आणलं त्यांनीच. मी पहिल्या दिवशी दारातूनच परत निघाले होते, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘घाबरतेस काय, इथे कुणालाच काही येत नाही.’’ त्या वाक्यावर मी तिथे राहिले.

दर शुक्रवारी सगळे गोल करून बसायचो. कोण काय वापरतंय, कसं वाटतंय, हे सांगायचं. ही बैठक ताई चालवायच्या. ताई म्हणजे केंद्राच्या प्रमुख, पण मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांचा एक नियम होता: आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मगच खोड काढायची, आणि तिला तक्रार म्हणायचं नाही, इच्छा म्हणायचं. बहुतेक जण दोन चांगल्या गोष्टी सांगूनच दमायचे. मीही त्यातलीच. काकूंच्या चपलेचा पट्टा माझ्या अंगठ्याला लागायचा, तिथे घट्टा पडला होता, आणि मी दर शुक्रवारी सांगायचे की ढगांवरून चालल्यासारखं वाटतं.

माझ्या डबीची पाळी आली तेव्हा अत्तरवाली म्हणाली, ‘‘दिसते काय गोड! बाथरूमला शोभा आली.’’

‘‘माझ्या घरातली ही एकमेव वस्तू जी गप्प बसते,’’ खोकेवाला म्हणाला. ‘‘बायको म्हणते, हिच्याकडून काहीतरी शिका.’’

सगळे हसले. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘शहाणी आहे हो हिची डबी. काही त्रास नाही.’’

मला मात्र काहीतरी खटकलं. माझ्या स्वतःच्या घरी डबी दोनदा उगाच वाजली होती. एकदा बहिणीने केसांना रंग लावला तेव्हा, एकदा फरशी पुसायच्या औषधाने. स्पिरिटसारखं काही उडालं की ती फसते, हा तिच्यातला दोष मला ठाऊक होता. तो घालवायलाच तर घरोघरच्या तक्रारी हव्या होत्या. आणि अत्तरवालीच्या घरी तर चोवीस तास स्पिरिटच्या बाटल्या उघड्या! तिथली डबी गप्प कशी?

‘‘माझी दोनदा चुकून वाजली,’’ मी म्हणाले. ‘‘तुमची कुणाचीच नाही? एकदाही?’’

सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या प्रेमाने हलवल्या की पुढे काही विचारायची सोयच राहिली नाही.

‘‘तू स्वतःवर फार कठोर आहेस बघ,’’ ताई म्हणाल्या. ‘‘एकही इच्छा आलेली नाही. असं आपल्याकडे आजवर कुणाचं झालं होतं का? टाळ्या!’’

टाळ्या झाल्या. घरी आले आणि बाथरूममध्ये त्या डबीसमोर उभी राहिले. चाचणीचं बटण दाबून पाहिलं. ती व्यवस्थित वाजली.

शिकवण्याच्या बाबतीत केंद्राने कधी हात आखडता घेतला नाही. दर मंगळवारी वर्ग असायचा. एकदा जन्मभर पाण्याचे पंप विकलेले एक म्हातारे गृहस्थ आले होते. खोकत खोकत बोलायचे. ते म्हणाले, ‘‘गिऱ्हाइकाला आवडलं का, असं विचारू नका. माणसं चांगली असतात, तोंडावर वाईट बोलत नाहीत. शेवटचं कधी वापरलंत आणि तेव्हा काय काय झालं, एवढंच विचारा. आणि ओळखीच्याला तर मुळीच विकू नका.’’ आम्ही सगळ्यांनी ते लिहून घेतलं, अधोरेखित केलं. त्यांना रोपाची कुंडी भेट दिली. शुक्रवारी पुन्हा गोल करून बसलो आणि एकमेकांना विचारलं, आवडलं का?

थंडी पडली तशी काकूंची डोकेदुखी सुरू झाली. सकाळी यायच्या त्या कपाळ धरूनच. पायऱ्या चढताना धाप लागायची. दुपारपर्यंत जरा बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग हात चुकायला लागले. एकदा त्यांनी मागणीचे आठ जोड आणले तर त्यातल्या निम्म्या जोडांत दोन्ही चपला डाव्याच. त्या स्वतःच त्याला हसल्या, पण हसता हसता डोळे भरून आले. ‘‘मला काय झालंय गं? मापं लक्षातच राहत नाहीत. काल गॅसवर दूध ठेवलं आणि कशासाठी ठेवलं तेच आठवेना.’’

माझं डोकं पहिल्यांदा तिकडेच गेलं. का नाही जाणार? डोकेदुखी, गळाठा, विसर, दिवसरात्र मी तेच वाचत होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ‘‘काकू, खरं सांगा. डबी वाजते का?’’

‘‘नाही गं बाई.’’

‘‘एकदाही नाही?’’

‘‘तुझी शपथ. अगदी गुणाची आहे.’’ त्यांनी माझा गाल थोपटला. ‘‘तू त्या डबीची काळजी सोड, पोटात काही घाल आधी. हाडं दिसायला लागली.’’

मला एकदम हलकं वाटलं. त्यांच्या घरी डबी मीच लावली होती, तेव्हा बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी सताड उघडी होती, उदबत्तीचा धूर धरून पाहिला तर सुरकन बाहेर गेला होता. आणि तिथे वायू असता तर डबी वाजली असती. फसून वाजेल, पण खरा वायू असताना गप्प बसेल अशी ती नव्हती, हे मी शेकडो वेळा तपासलं होतं. म्हणजे काकूंचं दुखणं दुसरंच काहीतरी असणार.

ते काय आहे ते ताईंनी ठरवून टाकलं. उद्योजकाचा ताण! त्यासाठी एक समुपदेशक बाई आल्या. त्यांनी आम्हाला जमिनीवर आडवं पाडून श्वास मोजायला लावले. अत्तरवालीने काकूंच्या कपाळाला लावायला तेल दिलं. खोकेवाल्याने त्यांचं पार्सलचं काम अंगावर घेतलं. काकू प्रत्येकाला म्हणायच्या, तुम्ही माझे मागच्या जन्मीचे कोण आहात? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी पांढऱ्या चेहऱ्याने यायच्या.

एका शुक्रवारी मात्र त्या अगदी टवटवीत आल्या. डोकं दुखत नव्हतं, पायऱ्या झपझप चढल्या, खोकेवाल्याच्या टकलावर विनोदसुद्धा केला.

‘‘आज काय विशेष?’’ ताईंनी विचारलं.

‘‘विशेष म्हणजे अंघोळ केली नाही!’’ काकू म्हणाल्या. ‘‘नळाला पाणीच नव्हतं. तशीच आले पारोशी. जरा लांब बसा सगळे.’’

हसून हसून मुरकुंडी वळली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या जिन्यात पडल्या. लागलं फारसं नाही, पण ताईंनी त्या दिवशीच निर्णय घेतला: काकूंनी आठवडाभर घरी राहायचं, सक्तीची विश्रांती. त्यांचं काम आम्ही वाटून घेतलं. कुणी तळवे कापायचे, कुणी पार्सलं बांधायची, मी पट्टे चिकटवायचे. कुणी नाही म्हटलं नाही. काकूंसाठी एक आरामपेटी तयार झाली. खोकं अर्थात खोकेवाल्याचं. त्यात सुगंधी साबण, अंगाला लावायचं तेल, मऊ टॉवेल, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या. ताईंनी वर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘फोन बंद. रोज सकाळी कडकडीत पाण्याने निवांत अंघोळ. घाई अजिबात नाही.’ मी त्याखाली लिहिलं, ‘काकू, ऐका ताईंचं.’

पेटी घेऊन काकू रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत मागे वळून हात हलवत होत्या.

पुढच्या मंगळवारी एका वसतिगृहाचे मालक डबी बघायला येणार होते. खोल्याच खोल्या, आणि प्रत्येक मजल्यावर गीझर. ताई सकाळपासून खुशीत होत्या. ‘‘तू फार तांत्रिक बोलू नकोस,’’ त्यांनी मला बजावलं. ‘‘एवढंच सांग, इतक्या घरांत इतके महिने लावली, तक्रार नाही.’’

मी आणि खोकेवाला लांब टेबलापाशी काकूंची पार्सलं बांधत होतो. तो चिकटपट्टी दाताने तोडत गाणं गुणगुणत होता. मालक नेमकं काही विचारतील म्हणून मी मनाशी उत्तरं जुळवत होते. आणि सहज, त्या पंपवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसं, मी विचारलं, ‘‘तुझ्या घरची डबी शेवटची कधी वाजली?’’

‘‘अं? वाजत नाही ना.’’

‘‘चाचणीचं बटण दाबतोस ना महिन्याला? तेव्हा तरी वाजत असेल. शेवटचं कधी दाबलंस?’’

त्याचं गुणगुणणं थांबलं. तो पट्टीचं टोक शोधायला लागला, नखाने खरवडत राहिला. कान लाल झाले होते.

‘‘मी काय विचारतेय?’’

‘‘हे बघ, चिडू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘सेल काढून ठेवलाय.’’

‘‘का?’’

‘‘वाजायची गं उगाच. बायकोने केसांवर फवारा मारला की ही सुरू. शेजारी भांडायला आले. म्हटलं राहू दे, सेल काढू. डबी तशीच आहे भिंतीवर, झकास दिसते.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तुझं मन मोडलं असतं. नवीन होतीस तू, आधीच घाबरलेली.’’ तो आता माझ्याकडे बघत नव्हता. ‘‘मी एकट्यानेच नाही काढला. अत्तरवालीने तर दुसऱ्याच दिवशी काढला. सगळ्यांनीच काढलेत. आमचं ठरलंच होतं तसं.’’

‘‘कुणी ठरवलं?’’

‘‘काकूंनी.’’

मी हातातली कात्री खाली ठेवली.

‘‘काकूंनी काय सांगितलं? शब्द न् शब्द सांग.’’

‘‘म्हणाल्या, पोरीच्या डबीत जरा खोट आहे, पण तिला कुणी काही बोलू नका, हळूहळू तिची तीच सुधारेल. त्यांच्याकडे घरी चपला चिकटवायचं सोल्युशन असतं ना, त्या वासाने वाजते म्हणाल्या. आमची तरी कधीमधी वाजायची. त्यांची मात्र थंडी सुरू झाल्यापासून रोज वाजायची. रोज सकाळी. अंघोळीला गेल्या की वाजलीच. शेवटी त्यांनीही सेल काढला.’’

‘‘खिडकी,’’ मी म्हणाले. ‘‘त्यांच्या बाथरूमची खिडकी उघडी असते ना?’’

‘‘या थंडीत? काकूंनी तळव्याचा फोम चिकटवलाय की तिला. मला दाखवला पण होता, म्हणाल्या बघ कसा बसलाय, वाऱ्याचा कण आत येत नाही.’’

त्या शुक्रवारी अंघोळ चुकली म्हणून काकू टवटवीत होत्या. आणि आम्ही त्यांना घरी पाठवलं होतं. कडकडीत पाणी, निवांत, घाई अजिबात नाही. खाली माझं अक्षर होतं.

काकूंचा फोन बंद लागला. बंद ठेवायला आम्हीच सांगितलं होतं. काकांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी ताईंच्या खोलीत घुसले. वसतिगृहाचे मालक येऊन बसले होते, समोर चहा होता.

‘‘काकांचा नंबर द्या.’’

‘‘काय झालं?’’ ताई हसतच होत्या. ‘‘ही आमची डबीवाली. बस ना.’’

‘‘नंबर द्या आधी!’’

‘‘अगं, काकू विश्रांती घेतायत. तुझ्या मनावर ताण आलाय, तो त्यांच्यावर कशाला...’’

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण मालकांनी कप खाली ठेवला आणि ताईंनी घाईघाईने नंबर काढून दिला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पोलिसांना, रुग्णवाहिकेला फोन करा, असं ताईंना सांगून मी धावत सुटले. पिशवी खांद्याला होती, तीत मालकांना दाखवायची डबी. खोकेवाल्याने मागून येऊन टेम्पोची किल्ली फिरवली आणि आम्ही निघालो. मागे रिकामी खोकी एकमेकांवर आदळत होती. तो सारखा म्हणत होता, ‘‘काही झालं नसेल. रोजच तर करतात अंघोळ. काही झालं नसेल.’’ मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. मलाही ते ऐकायचं होतं.

काका ओसरीवर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. चित्रकलेचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. हातात वर्तमानपत्र, फोन आत कुठेतरी. आम्हाला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू. आराम चाललाय.’’

‘‘काकू कुठे आहेत?’’

‘‘अंघोळीला गेलीये. आज चांगला वेळ घेतेय. म्हटलं घेऊ दे. पहिल्यांदाच ऐकतेय कुणाचंतरी.’’

‘‘किती वेळ झाला?’’

‘‘बराच झाला.’’ मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि पेपर खाली ठेवला. ‘‘का गं?’’

मी त्यांना ढकलूनच आत गेले. कोपऱ्यात सोल्युशनचे डबे, दोरीवर वाळत घातलेले पट्टे, आणि बंद दारामागून गीझरची घरघर. पाण्याचा आवाज नव्हता. मी दार ठोठावलं, हाका मारल्या, काकू, काकू, दार उघडा. काका मागे उभे राहून म्हणत होते, ‘‘अगं कपडे तरी घालू दे तिला.’’ खोकेवाल्याने खांदा लावला. दुसऱ्या धडकेला कडी निघाली.

दार उघडल्याबरोबर माझ्या पिशवीतली डबी वाजायला लागली.

मी श्वास कोंडून आत शिरले. आधी गीझर बंद केला, मग खिडकीला चिकटवलेल्या फोममध्ये बोटं घालून तो ओढला. निघेना. काकूंचं काम पक्कं असायचं. खोकेवाल्याने आणि मी मिळून त्यांना काखेत धरून बाहेर काढलं, ओसरीपर्यंत आणलं, अंगावर टॉवेल टाकला. पेटीतलाच होता तो, मऊ. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी मानेवर बोटं ठेवली. मग मनगटावर. मग पुन्हा मानेवर. शीतगृहात शिकवलं होतं तसे दोन्ही तळवे छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला लागले.

डबी वाजत होती. शेजारची दारं उघडली, कुणीतरी काय झालं म्हणून ओरडलं. खोकेवाला भिंतीला टेकून खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होता.

‘‘ते बंद कर आधी,’’ काका म्हणाले. ‘‘ते वाजणं बंद कर. तिला त्रास होतो त्या आवाजाचा.’’

ते गुडघे टेकून काकूंच्या डोक्याशी बसले. ओले केस त्यांनी कपाळावरून मागे सारले. हात गालावर ठेवला, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

‘‘अगं, रंग बघ तिच्या तोंडावर! गाल बघ कसे गुलाबी झालेत. महिनाभर नुसती पांढरी पडली होती. बघ, कशी छान दिसतेय.’’

त्या वायूने रक्त तसं लाल होतं. डबी बनवायला घेतली तेव्हा पहिली गोष्ट मी हीच वाचली होती, की अंगातला जीव गेल्यावरही चेहरा टवटवीत दिसतो. माझ्या तळव्यांखाली काहीही हलत नव्हतं.

‘‘येईल ना गं शुद्धीवर?’’ काकांनी विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हणाले, ‘‘येतील ना,’’ आणि दाबत राहिले.